चुनखडक आपल्या शिवारात का नाही?

पांढरा दगड दिसला की तो 'चुन्याचा दगड' असे आपण सरसकट म्हणून टाकतो. नांगरताना फाळाला लागून वर येणारे पांढरट खडे, विहिरीच्या खोदकामात निघालेले चकाकणारे स्फटिक, ओढ्यातली गारगोटी, या साऱ्यांना एकच नाव. 'खडकांचे प्रकार' हा पाठ शिकवताना आम्हांला दर वर्षी तोच प्रश्न येतो : कंग्राळीत चुनखडक आहे का? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर कंग्राळीपासून गोकाक, लोकापूर, बागलकोटपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला थेट सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. म्हणून या अंकात त्यावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

उत्तर आधी सांगून टाकू. आपल्या शिवारात चुनखडी सापडते, चुनखडक सापडत नाही. या दोन शब्दांत पुष्कळ अंतर आहे.

चुनखडक हा गाळाचा खडक. तो बहुतेक करून समुद्राच्या तळाशी, थरावर थर बसून तयार होतो आणि मैलोन्‌मैल पसरलेला असतो. चुनखडी म्हणजे शेतातल्या मातीत सापडणारे वेडेवाकडे, आल्याच्या गड्ड्यासारखे खडे. दोन्हींत मुख्य पदार्थ एकच, कॅल्शियम कार्बोनेट. पण एक समुद्राने घडवला, दुसरा पावसाने आणि उन्हाने. चुनखडीचा जन्म आपल्या मातीतच होतो. आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, याच्या वजनात साधारण दहावा भाग कॅल्शियमच्या ऑक्साइडचा असतो. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. ते दगडातले कॅल्शियम हळूहळू विरघळवते आणि खाली नेते. उन्हाळ्यात जमिनीतले पाणी आटले की विरघळलेला चुना मागे राहतो, एखाद्या मुळाभोवती किंवा भेगेत साकळतो आणि वर्षानुवर्षे त्याचा खडा होतो.

पांढऱ्या दगडांची ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. दगडावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर तो कॅल्शियम कार्बोनेटचा. दगड थोडा खरवडून भुकटीवर पिळलेत तर बुडबुडे अधिक स्पष्ट दिसतात. गारगोटीवर काहीही होत नाही, शिवाय गारगोटी काचेवर ओरखडा काढते. विहिरीतून निघणाऱ्या चकाकत्या दगडांत दोन जाती असतात. एक कॅल्साइट, जो लोखंडी खिळ्याने सहज ओरखडला जातो आणि लिंबाने फसफसतो. दुसरा झिओलाइट, जो सहसा फसफसत नाही. ही दोन्ही खनिजे लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांमुळे ज्या पोकळ्या राहिल्या त्यांत नंतर भरली गेली. कॅल्साइट फसफसतो म्हणून त्याला चुनखडक म्हणू नये. पदार्थ तोच, पण खडक वेगळा. जवस आणि जवसाची चटणी यांत जितका फरक, तितका तरी इथे मानायलाच हवा. (हायड्रोक्लोरिक आम्लाचा प्रयोग मात्र फक्त शाळेच्या प्रयोगशाळेत आणि शिक्षकांसमोरच.)

आता मुख्य गोष्ट. आपल्या पायाखाली काय आहे, हे समजायला घरातल्या अंथरुणांची चळत डोळ्यांसमोर आणा. सगळ्यांत खाली जुनी जाड घोंगडी, तिच्यावर सतरंजी, वर गोधडी आणि गोधडीवर चादर. आपल्या भागाचा भूगर्भ असाच रचलेला आहे. सगळ्यांत खाली पट्टिताश्म आणि धारवाडी खडक, अडीचशे कोटी वर्षांहून जुने. खानापूर-कित्तूरच्या बाजूला ते उघडे पडले आहेत. त्यांच्यावर कलादगीचे खडक : वालुकाश्म, शेल, चुनखडक, डोलोमाइट. त्यांच्यावर दख्खनचा काळा दगड, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्यांचा. आणि अगदी वर, बेळगावच्या माळांवर आणि डोंगरमाथ्यांवर, तांबडा जांभा. जांभा हे वेगळे अंथरूण नव्हे, काळ्या दगडाचाच वरचा भाग पावसाने कुजून झालेला तो थर आहे.

चुनखडक आहे तो या चळतीतल्या सतरंजीत. कंग्राळीत आपण गोधडीवर आणि चादरीवर बसलेलो आहोत. बेळगाव हे दख्खनच्या लाव्ह्याच्या दक्षिण काठाजवळ येते. साताऱ्या-महाबळेश्वराकडे हा काळा दगड हजार मीटरहून जाड आहे, इकडे तो पातळ होत जातो आणि आणखी पूर्वेला व दक्षिणेला संपतोच. जिथे गोधडी संपते तिथे सतरंजी दिसू लागते. ती पाहायला आपल्याला फार शोधाशोध करावी लागत नाही, कारण आपली मार्कंडेय नदीच आपल्याला तिथे घेऊन जाते.

दोन्ही कंग्राळ्यांच्या शिवारालगत वाहणारी ही नदी पश्चिमेच्या डोंगरांतून निघते. राकसकोपला तिचे पाणी अडवून बेळगाव शहराला पुरवले जाते. आपल्याकडे तिचे पात्र काळ्या दगडातून आणि गाळाच्या शेतांतून जाते. खाली गोडचिनमलकीजवळ मात्र ती दोन टप्प्यांत कड्यावरून उडी घेते. तिथले कडे पाहा. रंग तांबूस-गुलाबी, थर आडवे, हाताला खरखरीत. हा वालुकाश्म, म्हणजे कलादगीचा खडक. पुढे मार्कंडेय घटप्रभेला मिळते. त्याच घटप्रभेवरचा गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटरचा, तोही याच घराण्यातल्या खडकावरून कोसळतो. गोकाकच्या सूतगिरणीसाठी १८८७ च्या सुमारास या पडत्या पाण्याचा उपयोग करण्यात आला, हे आपण इतिहासात वाचतो. पाणी एवढ्या उंचावरून पडते ते तिथला खडक इतका चिवट आहे म्हणून, हे मात्र इतिहासाच्या पुस्तकात नसते.

गोकाकच्या पुढे यादवाड, लोकापूर, मुधोळ, बागलकोट या पट्ट्यात चुनखडक आणि त्याचा सख्खा भाऊ डोलोमाइट आढळतो. डोलोमाइटमध्ये कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमही असते. त्यामुळे तो गार आम्लात लगेच फसफसत नाही, भुकटी करून पाहावी लागते. या सगळ्या खडकसमूहाला कलादगी हे नाव आहे ते बागलकोटजवळच्या कलादगी गावावरून. आज हे गाव लहान असले तरी इंग्रजी अमदानीत ते जिल्ह्याचे ठाणे होते. १८८५ मध्ये ठाणे विजापूरला हलले. जिल्ह्याचे नाव गेले, खडकाला दिलेले नाव मात्र जगभरच्या भूशास्त्राच्या ग्रंथांत राहिले.

हे नाव रूढ करणारे रॉबर्ट ब्रूस फूट यांची ओळख मुलांना असायला हवी. ते १८५८ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात आले. मद्रासजवळ पल्लावरम येथे १८६३ मध्ये त्यांना अश्मयुगातली दगडी कुऱ्हाड सापडली आणि भारतातल्या आदिमानवाच्या अभ्यासाला तिथून सुरुवात झाली. आपल्या भागाचा त्यांचा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच 'साउथ मराठा कंट्री', म्हणजे दक्षिण मराठा प्रदेश, असे शब्द आहेत. घोड्यावरून आणि पायी हिंडून त्या काळच्या साधनांनी केलेले ते काम आजही अभ्यासक उघडून पाहतात. याच भटकंतीत गोकाकजवळ त्यांना गेंड्याचे जीवाश्म मिळाले. १८७४ मध्ये त्यांनी त्या जातीला 'ऱ्हिनोसेरॉस डेक्कनेन्सिस' असे नाव दिले. गोकाकला आज करदंट घ्यायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की त्या परिसरात एके काळी गेंडे चरत होते? गेंडा हा अर्थात चुनखडकापेक्षा खूपच अलीकडचा, नदीच्या गाळात पुरला गेलेला. पण मुलांना तो आवडतो, म्हणून सांगितला.

चुनखडक किती जुना, हे ऐकताना मात्र मन थोडे स्थिर ठेवावे लागते. कलादगीच्या खालच्या थरांत घुसून थिजलेली काळ्या दगडाची एक भिंत अभ्यासकांनी तपासली. तिचे वय सुमारे ११५ कोटी वर्षे निघाले. भिंत ज्या थरांत घुसली ते थर तिच्या आधी तिथे असणारच. म्हणजे लोकापूरचा चुनखडक ११५ कोटी वर्षांहूनही जुना. सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटींचा, तर हा त्याच्या सतरापटींहून अधिक वयाचा. पणजोबांच्या शेजारी तान्हे मूल ठेवले तरी एवढा फरक पडत नाही.

तेव्हा इथे उथळ समुद्र होता. पृथ्वीवर झाडे नव्हती, मासे नव्हते, शंख-शिंपलेही नव्हते. म्हणून या चुनखडकात शिंपले शोधून सापडणार नाहीत. मग चुना जमा कोणी केला? डोळ्यांना न दिसणाऱ्या निळ्या-हिरव्या जिवाणूंनी. उथळ पाण्याच्या तळाशी त्यांची चिकट साय धरायची. ती साय पाण्यातला चुन्याचा गाळ पकडून ठेवायची, वर पुन्हा नवी साय. अशा शेकडो पापुद्र्यांचे घुमट आणि खांब तयार झाले. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. आडवा छेद घेतला तर कांदा कापल्यासारखी वर्तुळे दिसतात. कलादगीच्या डोलोमाइटमध्ये ते चांगले दिसतात. आपण आज जो ऑक्सिजन श्वासात घेतो, तो हवेत भरायला अशाच जिवाणूंनी सुरुवात केली.

बागलकोटजवळच्या चिक्कशेल्लिकेरी गावावरून नाव पडलेला एक चुनखडक आहे. तो पातळ पापुद्र्यांचा आहे, पण मध्येच हे पापुद्रे ओल्या धोतरासारखे चुरगळलेले दिसतात, तर वरचे आणि खालचे थर सरळ. याचा अर्थ गाळ ओला असतानाच तळ हादरला आणि तो घसरला. काही भूशास्त्रज्ञांनी या खुणा त्या काळच्या भूकंपांच्या मानल्या आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा एक धक्का दगडात उमटून राहिला आहे. भूगोलाचा तास कंटाळवाणा वाटतो असे म्हणणाऱ्यांनी हे एकदा पाहावेच.

हे खडक नंतर दाबले गेले, त्यांना पूर्व-पश्चिम घड्या पडल्या, झिजले, आणि त्यांवर पुन्हा वालुकाश्माचे नवे थर बसले. बदामीची लेणी ज्या तांबड्या दगडात कोरली आहेत तो या नव्या थरांतला. मग फार मोठा काळ गेला आणि वरून लाव्हा आला. लाव्ह्याखाली सतरंजी कुठवर पसरली आहे? याचा पुरावा पश्चिमेला मिळतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात आणि घाट उतरून फोंडा-कणकवलीच्या बाजूला नद्यांनी काळा दगड कापून काढला आहे, तिथे कलादगीचा वालुकाश्म पुन्हा डोके वर काढतो. कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याची काचेसाठी जाणारी सिलिका वाळू ही या वालुकाश्मातूनच मिळते. पूर्वेला गोकाक, पश्चिमेला कणकवली, आणि मध्ये आपण गोधडीखाली सतरंजी झाकून बसलेलो. पश्चिमेला दिसतो तो बहुतेक वालुकाश्मच. चुनखडकाचे मोठे साठे पूर्वेच्या लोकापूर-बागलकोट पट्ट्यातच आहेत.

घरातली शहाबादी फरशी हाही चुनखडकच, पण तो कलादगीचा नव्हे. गुलबर्ग्याकडच्या शहाबादचा, भीमा खोऱ्यातला. स्वयंपाकघराच्या ओट्याचा काळा कडाप्पा आंध्रातल्या कडप्याकडचा. त्यावर लिंबू किंवा चिंचेचे पाणी सांडून राहिले की डाग का पडतो, हे आता मुलांनी घरी आईला समजावून सांगावे.

आता शेतीकडे वळू, कारण पालकांपैकी अनेकांचा खरा प्रश्न तिथेच आहे. बेळगावात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, पश्चिमेकडे घाटालगत याहून पुष्कळ जास्त. गोकाककडे तो निम्म्याहून कमी. जास्त पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो. मागे राहते लोखंड आणि ॲल्युमिनियम. म्हणून आपल्या पश्चिमेच्या जमिनी तांबड्या आणि आम्ल, म्हणून इकडे बॉक्साइट, आणि म्हणूनच बेळगावच्या उत्तरेला महामार्गालगत ॲल्युमिनाचा कारखाना. पूर्वेकडे पाऊस कमी, तिथे चुना मातीतच राहतो. एकाच जिल्ह्यात एका शेतकऱ्याला जमिनीत चुना घालावा लागतो आणि दुसऱ्याच्या जमिनीत तो इतका जास्त असतो, की लोह मुळांना मिळत नाही आणि पिकावर केवडा पडतो. पाने पिवळी, शिरा हिरव्या. शेजारच्या गावातल्याने चुना घातला म्हणून आपणही घालावा, हे इथे चालत नाही. माती तपासून घ्यावी. सामू साडेसहाच्या बराच खाली असेल तरच चुन्याचा विचार, आणि शेतात चुनखडीचे खडे दिसत असतील तर मुळीच नाही.

बोअरच्या पाण्याबद्दलही पालक विचारतात. हंड्याला, गिझरला पांढरी पुटे बसतात ती याच विरघळलेल्या चुन्याची. त्याने डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. परंतु मूतखडा झाला की सगळा दोष पाण्यातल्या चुन्यावर ढकलणे बरोबर नाही. पाणी कमी पिणे हे त्याचे मोठे कारण आहे. शाळेत येताना बाटली भरून आणि घरी जाताना तशीच भरलेली परत नेणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.

चुना करण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला चुनखडक किंवा चुनखडी भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध दगड १०० किलो घेतला तर ५६ किलो कळीचा चुना मिळतो, ४४ किलो वायू होऊन उडतो. या कळीवर पाणी घातले की ती सणसणून तापते, फुटते, विरते. हा विरलेला चुना वाळूबरोबर घाणीत मळून बांधकामाला वापरत. भिंतीत तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. लोणारी समाजाचा हा पिढीजात व्यवसाय. ते आपल्या मुलुखात शेतातली चुनखडी भाजत. कोकणात आणि गोव्यात शिंपले भाजत. 'चुना' हा शब्द संस्कृत 'चूर्ण' पासून आला आणि आपले कन्नड शेजारी ज्याला 'सुण्णा' म्हणतात, तो शब्दही त्याच मुळाचा. भट्टी एक, शब्दही एकाच घरचा.

इथे विश्वस्त मंडळींना आणि गावच्या जाणत्यांना एक सांगावेसे वाटते. जुन्या विहिरी, देवळे, वाडे चुन्यात बांधलेले आहेत. जीर्णोद्धार करताना त्यांवर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट देण्याची पद्धत सर्रास पडली आहे. दिसायला ते नीटनेटके वाटते. पण चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडत असते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले की ओल आत कोंडते, दगड पोपडे धरू लागतात आणि काही वर्षांत गिलावा दगडाचा थर घेऊनच सुटतो. सिमेंट वाईट असे नव्हे, आपल्या शाळेच्या नव्या खोल्या त्याच्याशिवाय उभ्या राहिल्या नसत्या. पण चुन्याच्या भिंतीला चुनाच लावावा.

सिमेंट तरी कशाचे? चुनखडक आणि चिकणमाती सुमारे १४५० अंशांना भाजून केलेले. बागलकोटचा सिमेंट कारखाना जुना. मुधोळ तालुक्यात मुद्दापूरला २००९ मध्ये आणि गोकाककडे यादवाडला २०१५ मध्ये मोठे कारखाने सुरू झाले. आपल्या स्लॅबमध्ये ११५ कोटी वर्षांहूनही जुना समुद्र आहे, तो असा. खाणी चालणारच, त्यांवर हजारो घरांची चूल पेटते. मात्र ज्या मोजक्या ठिकाणी स्ट्रोमॅटोलाइट किंवा चुरगळलेले थर उत्तम दिसतात, ती ठिकाणे खाणीबाहेर राखावीत असे आम्हांला वाटते. दगड पुन्हा मिळेल, पण खूण एकदा फोडली की गेली.

घरोघरी वापरल्या जाणाऱ्या चुन्याबद्दल पालकांना एक कळकळीची सूचना. विड्याच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब लहान मुलांच्या हाती देऊ नये. दाबताना ती फुटून चुना डोळ्यांत उडाल्याने मुलांची दृष्टी गेल्याची उदाहरणे नेत्रतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. असे झालेच तर डोळा चोळू नये. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा, शक्य तितका चुना बाहेर काढावा आणि त्याच पावली डॉक्टरांकडे जावे. तूप, दूध, तेल असले काही घालू नये.

यंदाची सहल दरवर्षीच्या ठिकाणी न नेता मार्कंडेयच्या काठाने न्यावी, असा आमचा प्रस्ताव आहे. सकाळी कंग्राळीच्या पुलावर काळा दगड पाहायचा, मग गोडचिनमलकी, दुपारी गोकाकचा धबधबा. वेळ उरला तर लोकापूरकडे जाऊन उघडा चुनखडक पाहता येईल. बेळगावहून ते अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास असल्याने मुक्कामाशिवाय ते फक्त मोठ्या वर्गांना जमेल. धबधब्याच्या कड्यावर आणि खाणीच्या काठाशी कोणीही एकट्याने जायचे नाही. प्रत्येकाने वही, पेन्सिल, लोखंडी खिळा, काचेचा कडा घासलेला छोटा तुकडा कागदात गुंडाळून, आणि एक लिंबू आणावे. हातोडी फक्त शिक्षकांजवळ राहील. नमुना उचलला की तो कुठे, कोणत्या थरातून, कोणत्या तारखेला घेतला हे तिथल्या तिथे चिठ्ठीवर लिहायचे. चिठ्ठी नसलेला दगड शाळेच्या कपाटात ठेवला जाणार नाही.